कुंडीतील वड : मुळांची छाटणी आणि त्यानंतरचे संगोपन

(शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गावाच्या वेशीवरचा पार उभा राहतो. त्याच्या सावलीत थांबलेली एस.टी. आठवते, ज्येष्ठी पौर्णिमेला खोडाभोवती गुंडाळलेले सूत आठवते. आज मात्र मला बोलावयाचे आहे ते चार बोटे खोलीच्या कुंडीत वाढणाऱ्या आणि टेबलावर मावणाऱ्या वडाविषयी. अलीकडे सत्कारप्रसंगी हारतुऱ्यांऐवजी रोप भेट देण्याची चांगली प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. त्या निमित्ताने बोन्साय केलेले वड कार्यालयांत, मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि पंचायतीच्या ओसरीवर येऊन पोहोचले आहेत. पहिली दोन वर्षे ते शोभून दिसतात. तिसऱ्या वर्षी पाने पिवळी पडू लागतात, फांद्यांचे शेंडे वाळतात, आणि एके दिवशी शिपाई ती कुंडी उचलून मागच्या बाजूला नेऊन ठेवतो. मग कोणीतरी निष्कर्ष काढतो की बोन्साय आपल्याकडे टिकत नाही.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. कुंडीत वडाइतके चिवट झाड क्वचितच आढळते. असे झाड मरते तेव्हा बहुधा दोन कारणांपैकी एक असते. एक तर त्याची माती वेळेवर बदलली गेली नाही. किंवा बदलली गेली, परंतु त्यानंतरचे दीड महिने त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. दुसरे कारण अधिक वेळा आढळते, आणि म्हणून आजच्या बोलण्यात कुंडी बदलण्याच्या एका दिवसापेक्षा त्यानंतरच्या दिवसांना मी अधिक वेळ देणार आहे.

आपल्याजवळ आहे तो वडच काय?

प्रारंभी ही शंका दूर केली पाहिजे. रोपवाटिकांतून वड म्हणून दिली जाणारी अनेक बोन्साय झाडे वस्तुतः नांदरुकाची असतात. नांदरुक हा वडाचा जवळचा नातलग. दोघेही फायकस या एकाच प्रजातीतले, दोघांनाही पांढरा चीक, दोघांनाही पारंब्या. परंतु नांदरुकाचे पान लहान, गुळगुळीत व चकचकीत असते. खऱ्या वडाचे पान रुंद, जाड, ठळक शिरांचे आणि मोकळ्या जमिनीत १० ते २० सेंटिमीटर लांबीचे असते. बाजारात ज्यांची मुळे रताळ्यासारखी फुगलेली दिसतात, ती झाडे नांदरुकाची समजावीत. दोहोंच्या निगेत फारसा फरक नाही. फरक अपेक्षेत आहे. वडाचे पान कुंडीत लहान होते, पण नांदरुकाइतके कधीच होत नाही. पान लहान व्हावे म्हणून झाडाला पाणी किंवा खत तोडणाऱ्याने हे समजून घ्यावे, म्हणजे झाडाचे हाल वाचतील.

हालांचा विषय निघालाच आहे, तर एका आक्षेपाचा विचार करू. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजे करणे, असे पुष्कळांना वाटते. हा समज चुकीचा आहे. उपाशी ठेवलेले झाड लहान राहत नाही, ते मरते. बोन्सायचे झाड लहान राहते ते शेंडे आणि मुळे यांच्या वेळोवेळी केलेल्या छाटणीमुळे, आणि ही छाटणी सोसण्यासाठी त्याला जमिनीतल्या झाडापेक्षा अधिक नियमित अन्नपाणी लागते. त्याच्या बीजात कोणताही बदल झालेला नसतो. तेच झाड उद्या मोकळ्या जमिनीत लावले, तर काही वर्षांत ते इतर वडांसारखाच विस्तार घेऊ लागते. ज्यांना घरात खुंटवलेले झाड नको असते, त्यांच्या श्रद्धेशी माझा वाद नाही. परंतु जे झाड आपण स्वीकारले आहे, ते उपेक्षेने वाळू देणे हे कोणत्याच श्रद्धेत बसत नसावे.

ही कला जपानची म्हणून ओळखली जात असली तरी तिचे मूळ चीनमध्ये आहे. राजपुत्र झांगहुआई याच्या इ. स. ७०६ मधील थडग्याच्या भिंतीवर छोट्या झाडांची तबके हातांत घेतलेले सेवक रंगवलेले आहेत. जपानमध्ये तिला आजचे रूप आले. 'बोन' म्हणजे उथळ कुंडी आणि 'साय' म्हणजे लागवड. मराठीत 'वामनवृक्ष' हा शब्द सुरेख आहे, पण रोपवाटिकेत जाऊन तो उच्चारला तर विक्रेता बुचकळ्यात पडतो. म्हणून मी बोन्सायच म्हणेन.

माती का बदलावी लागते?

झाड पाणी पिते ते जाड मुळांनी नाही. जाड मुळे झाडाला धरून ठेवतात आणि पाणी वर वाहून नेतात. प्रत्यक्ष पाणी व क्षार शोषण्याचे काम मुळांची कोवळी टोके आणि त्यांच्या मागील भागावरचे सूक्ष्म केस करतात. कुंडीत मुळे भिंतीला टेकली की वळतात आणि कडेकडेने गोल फिरत राहतात. दोन-तीन वर्षांत जाड मुळांचा वेटोळा सारी जागा व्यापतो, माती झिजून तिची धूळ होते, धूळ भोके बुजवते, आणि कुंडीत हवा शिरेनाशी होते. मुळांनाही श्वासासाठी हवा लागते. मग वरून कितीही पाणी घातले तरी झाड तहानलेलेच राहते.

अशा वेळी सामान्यतः मोठी कुंडी आणली जाते. बोन्सायच्या बाबतीत तो उपाय नाही. झाड पुन्हा त्याच आकाराच्या, बहुधा त्याच कुंडीत बसवावयाचे असते. बदलावयाची असते ती माती, आणि कमी करावयाची असतात ती जुनी, जाड मुळे. जाड मूळ कापले की कापलेल्या जागेच्या मागून अनेक बारीक मुळे फुटतात. खोडाजवळ बारीक मुळांचे दाट जाळे तयार झाले की चार बोटे मातीतही झाड सुखाने जगते.

मुळे कापावयाची म्हटले की नवख्या माणसाचा हात थरथरतो. वडाच्या बाबतीत ही भीती बाळगण्याचे कारण नाही. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध महावटाचे उदाहरण बोलके आहे. १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली, आणि अखेर १९२५ मध्ये त्याचे मूळ खोडच काढून टाकावे लागले. त्यानंतरही तो वृक्ष केवळ पारंब्यांपासून झालेल्या खांबांवर उभा आहे आणि विस्तारत आहे. जिथे ओलावा आणि आधार मिळेल तिथे नवे मूळ सोडणे हा या झाडाचा स्वभावच आहे. आपल्या गावातील जुन्या भिंतींच्या फटींत, पुलांच्या दगडी कामात, विहिरींच्या कठड्यांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून उगवलेले वड आपण पाहतोच. भिंतीला धोका म्हणून अशी रोपे काढावीच लागतात. ती फेकून न देता कुंडीत लावली तर बोन्सायसाठी उत्तम मिळतात, कारण अपुऱ्या मातीत जगण्याची सवय त्यांना आधीच झालेली असते आणि त्यांचा बुंधाही भरलेला असतो. मात्र किल्ला, लेणी वा जुने मंदिर संरक्षित स्मारक असेल तर तेथील रोपाला आपण हात लावू नये. मूळ ओढताना चिराही निघून येतो. ते काम पुरातत्त्व विभागाचे आहे.

योग्य काळ

तरुण झाडाची माती दर एक-दोन वर्षांनी आणि जुन्याची दोन-तीन वर्षांनी बदलावी, असा सर्वसाधारण नियम आहे. तथापि कॅलेंडरपेक्षा झाडाकडे पाहावे. पाणी घातल्यावर ते पृष्ठभागावर साचून राहू लागले, भोकांतून मुळे बाहेर आली, किंवा सारा गड्डा कुंडीतून वर उचलला गेल्यासारखा दिसला, की वेळ आली असे समजावे. झाड आजारी व निस्तेज असेल आणि मुळे कुजल्याचा संशय नसेल, तर छाटणी पुढे ढकलून आधी त्याला सावरू द्यावे.

महाराष्ट्रात या कामाला सर्वांत चांगला काळ मृगाच्या पावसानंतरचा. जूनचा उत्तरार्ध आणि जुलै या दिवसांत हवा दमट असते, ऊन सौम्य असते आणि वड जोमाने वाढत असतो. इंग्रजी पुस्तकांत वसंत ऋतूच्या आरंभी कुंडी बदलावी असे लिहिलेले असते. त्या देशांत ते योग्य आहे. आपल्याकडे त्यानुसार फेब्रुवारी-मार्चमध्ये काम केले, तर मुळे सावरतात न सावरतात तोच चैत्र-वैशाखाचे ऊन सुरू होते. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, तेथे हा प्रयोग करूच नये. सावली, पाणी आणि रोज पाहणारा माणूस यांची खात्री असलेल्या एखाद्याने पुण्या-नाशकाकडे तो केला तर हरकत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर उलट अडचण येते. तेथे संततधारेत कुंडी उघड्यावर राहिली तर नवी मुळे कुजतात, म्हणून छपराखाली उजेडाची जागा शोधावी. दसऱ्यानंतर मात्र कोणीही मुळांना हात लावू नये. थंडीत वाढ मंदावते आणि जखमा तशाच राहतात.

मातीचे मिश्रण

आपल्या काळ्या मातीचा आपल्याला अभिमान आहे, आणि कापसासाठी तो रास्त आहे. कुंडीतील वडाला मात्र ती चालत नाही. ओली झाली की ती फुगून चिकट होते आणि वाळली की भेगाळून कोवळी मुळे तोडते. चाळलेली तांबडी किंवा पोयट्याची माती एक भाग, पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत एक भाग आणि विटांचा चुरा दोन भाग, हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. विटांचे तुकडे तांदळाच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढे असावेत. पिठाच्या चाळणीतून खाली पडणारी धूळ अवश्य टाकून द्यावी. लोक नेमकी तीच 'बारीक माती' म्हणून वापरतात. विटांऐवजी नदीची जाड वाळूही चालते, परंतु पंचायत सदस्य आणि महसुलातील मंडळी एकत्र बसली असताना वाळूचा विषय काढणे शहाणपणाचे नाही. समुद्राची वाळू खारट असल्याने वर्ज्य आहे. मिश्रणाची परीक्षा सोपी आहे. भोकाच्या कुंडीत ते भरून वर तांब्याभर पाणी ओतावे. पाणी न साचता चटकन खाली उतरले पाहिजे.

प्रत्यक्ष काम

आदल्या दिवशी पाणी देऊ नये, म्हणजे माती अर्धवट कोरडी होऊन सुटी होते. काम सावलीत, वारा नसलेल्या ठिकाणी करावे. धारदार कात्री, बांबूची टोकदार काडी, तार, भोकांवर ठेवण्यासाठी जाळीचे तुकडे आणि एक ओले गोणपाट जवळ असावे. कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी. नव्या मातीची कुंडीही आधीच तयार ठेवावी, कारण उघडी मुळे पाच-दहा मिनिटांतच सुकू लागतात. मध्ये कोणी भेटावयास आले तर मुळांवर ओले गोणपाट टाकूनच उठावे.

कुंडीच्या कडेने काडी फिरवून गड्डा मोकळा करावा व बुंध्याला धरून बाहेर काढावा. फांदी धरून ओढू नये. मग काडीने कडेकडून आत आणि खालून वर असे माती उकरत मुळे विंचरावीत, जशी गुंतलेली वेणी हलक्या हाताने सोडवतात तशी. मुळे मोकळी झाली की त्यांचे स्वरूप दिसते. निरोगी मूळ घट्ट असते आणि त्याचे टोक पांढरट असते. कुजलेले मूळ काळे, लिबलिबीत व वास येणारे असते. कुजलेले सर्व कापावे. सरळ खाली जाणारी जाड मुळे बुंध्याजवळून कमी करावीत, गोल फिरणारी कापावीत, आणि चहूबाजूंनी आडवी पसरणारी बारीक मुळे राखावीत. एकूण मुळांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक एका वेळी काढू नये. वड त्याहून अधिक सोसतो, हे खरे. पण ते धाडस अनुभवी माणसाने करावे.

कापताच चीक वाहू लागतो. त्याने घाबरू नये. ओल्या फडक्याने टिपला की थोड्या वेळात थांबतो. तो काहींच्या त्वचेला खाजरा ठरतो आणि डोळ्यांत गेला तर आग होते. शाळेत मुलांकडून हे काम करून घेताना याची ताकीद द्यावी आणि हात धुण्याची सोय आधी करावी.

कुंडीच्या भोकांवर जाळी ठेवून खालून तार वर काढून ठेवावी. तळाशी मिश्रणाची छोटी उंचवटी करून त्यावर झाड किंचित गोल फिरवत दाबून बसवावे आणि तारेने मुळांच्या गड्ड्याला हलकेच बांधावे. हे बांधणे अनेकजण अनावश्यक समजून टाळतात. परंतु मुळे कमी केल्यावर झाडाला धरणारे काहीच उरलेले नसते. वाऱ्याने ते हलले की नुकतीच फुटलेली केसासारखी मुळे तुटतात. यानंतर मिश्रण भरावे व काडीने मुळांच्या मधल्या पोकळ्यांत हळूहळू सारावे. मातीची पातळी कडेपेक्षा बोटभर खाली ठेवावी. शेवटी झारीने, खालून गढूळ पाणी येण्याचे थांबून स्वच्छ पाणी येईपर्यंत, शांतपणे पाणी घालावे.

एखादी कोवळी पारंबी मातीपर्यंत पोहोचण्यासारखी असेल तर शीतपेयाच्या नळीत ओलसर माती भरून त्या नळीतून ती खाली सोडावी. काही महिन्यांत ती मातीत रुजते आणि नळी चिरून काढली की छोटा खांब दिसू लागतो. मुलांना याहून चांगला वनस्पतिशास्त्राचा धडा देता येणार नाही. वटपौर्णिमाही याच सुमारास असते. त्या दिवशी पूजेसाठी फांद्या तोडू नयेत असेच मी म्हणेन. पण बाजारात आलेल्या आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर पडणाऱ्या फांद्यांपैकी ताज्या असतील त्या मुलांकडून ओल्या मातीत रोवून घ्याव्यात. पावसाळी हवेत त्यांतील पुष्कळ फांद्या मुळे धरतात.

मुळे कमी केली तेवढ्या प्रमाणात वरचा भारही कमी करणे आवश्यक असते, कारण पानांतून उडणारे पाणी भरून काढण्यास आता पुरेशी मुळे नसतात. मोठ्या पानांपैकी तिसरा हिस्सा ते निम्मी पाने, देठ राखून, कापावीत. सर्वच पाने काढून पान लहान करण्याची एक पद्धत आहे. ती ज्या हंगामात मुळे कापली त्या हंगामात वापरू नये. फांद्यांना तार गुंडाळून वळण देण्याचे कामही तीन महिने लांबवावे. एका वर्षी झाडावर एकच शस्त्रक्रिया, हा दंडक पाळला तर बरेच अपघात टळतात.

पहिले चाळीस दिवस

येथून पुढचा भाग मी आपल्याला विशेष लक्षपूर्वक ऐकण्याची विनंती करतो.

पहिला आठवडाभर झाड भरपूर उजेडाच्या पण थेट ऊन व वारा नसलेल्या जागी ठेवावे. पूर्वेकडील ओसरी उत्तम. साहेबांचे टेबल नको. तेथे वर पंखा असतो किंवा वातानुकूलन यंत्र, आणि दोन्ही पानांतील ओलावा ओढून घेतात. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा बारीक फवारा द्यावा. हवा कोरडी असेल तर झाडावर पारदर्शक प्लॅस्टिकची सैल पिशवी टोपीसारखी घालावी व रोज थोडा वेळ काढावी. अशा दमट हवेत खोडावर नव्या पारंब्याही फुटतात.

पाणी देताना मात्र हात आखडता घ्यावा. याचेच सर्वांना नवल वाटते. झाड आजारातून उठत आहे म्हणून प्रत्येकजण येता-जाता त्याला पाणी घालतो. कार्यालयात तर चहावाला, शिपाई, लिपिक आणि अभ्यागत असे चौघेही ते पुण्य जोडतात. परंतु मुळे कमी असल्याने पाणी शोषले जात नाही, माती सतत चिंब राहते आणि कापलेली टोके कुजतात. मातीत बोटाचे एक पेर घालून पाहावे. वरची माती कोरडी लागली तरच, आणि मग मात्र भोकांतून बाहेर येईपर्यंत, पाणी द्यावे. कुंडीखालच्या बशीतील पाणी लगेच ओतून टाकावे. ते मुळांना घातक असते, शिवाय डेंग्यूचा डास नेमक्या अशाच पाण्यात वाढतो.

दुसऱ्या आठवड्यात काही पाने पिवळी पडून गळतात. याच टप्प्यावर लोक धीर सोडतात आणि खत टाकतात, किंवा कुंडी पुन्हा उपसून 'मुळे धरली का' ते पाहतात. दोन्ही गोष्टी करू नयेत. शंका वाटली तर फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले आणि चिकाचा थेंब आला, की झाड जिवंत आहे. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेंड्यावरची टोकदार कळी फुगू लागते, तिचे आवरण गळून पडते आणि तांबूस छटेचे कोवळे पान उलगडते. नवी मुळे कामाला लागल्याची ती खूण.

त्यानंतर सकाळचे कोवळे ऊन, आरंभी तासभर आणि मग रोज थोडे वाढवत, द्यावे. सहा आठवड्यांत झाड पूर्ण उन्हाला तयार होते. नवे पान पक्के झाल्यावरच खत सुरू करावे. शेंगदाण्याची किंवा निंबोळीची पेंड पाण्यात आठवडाभर भिजवून, गाळून, काळ्या चहाइतकी फिकी होईपर्यंत पाणी मिसळून पंधरा-वीस दिवसांनी एकदा दिली की पुरे. हे नवरात्रापर्यंत चालू ठेवावे. युरियाची चिमूट कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्यावा. एवढ्याशा मातीत ती चिमूट मुळे जाळते.

पानांच्या बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा फांदीवर खवले कीड दिसली तर ओल्या कापसाने पुसून काढावी. प्रादुर्भाव वाढला असेल तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. यापेक्षा जालीम औषध बसण्याच्या जागी नको.

आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. वड हे घरात वाढणारे झाड नाही. बैठकीच्या दिवशी ते टेबलावर जरूर मांडावे, परंतु दोन दिवसांनी पुन्हा बाहेर न्यावे. दोन झाडे असतील तर आळीपाळीने आत-बाहेर ठेवता येतात.

झाडाचा कार्यभार

आतापर्यंत सांगितलेले सारे एक व्यक्ती आपल्या घरी सहज करू शकेल. शासकीय कार्यालयात आणि शाळेत खरी अडचण वेगळीच असते. तेथे झाडावर प्रेम करणारा माणूस असतो, पण तो तीन वर्षांनी बदलून जातो. नवीन आलेल्यास माती केव्हा बदलली, मुळे केव्हा कापली, हे ठाऊक नसते. जूनमध्ये कापलेल्या झाडाची ऑगस्टमध्ये उत्साहाने पुन्हा कुंडी बदलली गेली, तर ते वाचणार कसे? बदल्यांचा हंगाम आणि कुंडी बदलण्याचा हंगाम आपल्याकडे जवळजवळ एकच येतो, हा आणखी एक योगायोग.

वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय आहे. १६२५ पासून ते कुंडीत वाढवले जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते त्याच शहरात यामाकी कुटुंबाच्या आवारात, भिंतीच्या आडोशाला होते, आणि वाचले. १९७६ मध्ये मासारु यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बाँब टाकला त्या देशाला दिलेल्या या झाडाची कहाणी तेथील लोकांना कळली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते पाहावयास आले तेव्हा. इतक्या वर्षांत ते किती हातांतून गेले असेल! प्रत्येकाने पुढच्याला नीट सोपवले, म्हणून ते आज आहे.

आपल्याकडे वस्तू सोपवण्याची पद्धत आहेच. भेट आलेली कुंडी पुष्कळदा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदली जाते. सजीव वस्तूची नोंद त्या नावाच्या नोंदवहीत व्हावी हा विनोदच आहे, पण नोंद होते हे चांगले. माझी सूचना एवढीच की कुंडीसोबत एक पातळ वही ठेवावी. तीत माती बदलल्याची तारीख, किती मुळे कापली, खत केव्हा दिले आणि सध्या पाणी घालण्याची जबाबदारी कोणाची, एवढेच लिहावे. आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत ही वही व झाड स्वतंत्र बाब म्हणून दाखवावे. जबाबदारी एकाच नावावर असावी. 'सर्व कर्मचारी' असे लिहिले की ते झाड गेलेच म्हणून समजावे. कोणीच तयार नसेल, तर पंचायतीने ते गायरानात किंवा रुंद रस्त्याकडेला, इमारती, विहिरी व विजेच्या तारांपासून दूर, जमिनीत लावून टाकावे. चार बोटांच्या कुंडीतला वड जमिनीत गेला की त्याला वहीची गरज उरत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि जनावरांपासून कुंपण एवढे मिळाले की पुढचे त्याचे तो पाहतो.

शाळांपुढे मे महिन्याचा वेगळा प्रश्न असतो. उथळ कुंडी त्या उन्हात एका दुपारीत कोरडी पडते, आणि शाळेला तर कुलूप असते. विद्यार्थ्यांवर पाळीपाळीने पाणी घालण्याचे काम सोपवले तर पहिला आठवडा नीट जातो, पुढे मुले मामाच्या गावाला जातात. यावर एक जुना, खात्रीचा उपाय आहे. परीक्षा संपताच दाट सावलीच्या झाडाखाली, शक्यतो हापशाचे सांडपाणी जाते त्या वाटेवर पण पाणी तुंबणार नाही अशा जागी, हातभर रुंदीचा खड्डा घ्यावा, त्यात वाळू किंवा विटांचा चुरा व माती भरावी आणि झाड कुंडीसकट काठापर्यंत त्यात पुरावे. वर पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा. भोवतालची ओल कुंडीला थंड ठेवते. पाणी एक-दोन दिवसांआड मिळाले तरी झाड तग धरते, आणि तेवढे काम शेजारचे एखादे घर आनंदाने पत्करते. सुट्टीत मुळे भोकांतून खालच्या ओलीत उतरतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर कुंडी उचलताना ती तुटतील. त्याची काळजी करू नये, कारण मृगाचा पाऊस झालेला असेल आणि कात्री हाती घेण्याची वेळही तीच असते.